काचेआडचे सूर : पॅरिस ते उट्रेख्त, पाच दिवस

वाद्यसंग्रहालयांची सहल आखायची तर नकाशाआधी वार बघा. पॅरिस, ब्रसेल्स आणि नेदरलँड्समधलं उट्रेख्त या तिन्ही ठिकाणची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणून शुक्रवारी सुरुवात करून मंगळवारी संपवायचं आणि मधला सोमवार बेल्जियममधल्या मेखेलेनच्या घंटांना द्यायचा. उन्हाळ्यात तिथली मैफल नेमकी सोमवारी संध्याकाळीच असते.

दुसरं गणित ऐकण्याच्या वेळांचं. ज्यानं तंबोरा कधी ऐकला नाही त्याला मिरजेचा उत्तम तंबोरा काचेत ठेवून दाखवला, तर त्याला दिसणार काय? भोपळा, दांडी, चार खुंट्या. जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीवर दोरा सरकवला की सुराला येणारी गुंजन, काही दिसत नाही. ही अडचण प्रत्येक वाद्यसंग्रहालयाला आहे आणि या मार्गावरच्या प्रत्येकानं तिच्यावर वेगळा तोडगा काढलाय. पॅरिस दालनात वादक बसवतं, ब्रसेल्स कानाला हेडफोन लावतं, मेखेलेन तुम्हाला थेट वाद्याच्या पोटात चढवतं आणि उट्रेख्तमध्ये वाद्यं स्वतःच वाजतात. दिवसाची आखणी या वेळांभोवती केली नाही तर पाच दिवस काचा बघून परत याल.

मुक्काम चार रात्री ब्रसेल्समध्ये, सेंट्रल स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी. जास्त रात्री बेल्जियममध्ये असल्यामुळे शेंगेन व्हिसाचा अर्जही बेल्जियमकडेच करायचा, विमान पॅरिसला उतरत असलं तरी. जाण्याआधी घरी बसून ‘मिमो’ ही वाद्यसंग्रहालयांची एकत्रित ऑनलाइन सूची चाळून ठेवा. पॅरिस आणि ब्रसेल्स दोन्ही तिच्यात आहेत. जे वाद्य बघायचंय त्याचा नोंदणी क्रमांक टिपून घेतला की दालनात पहारेकऱ्याला विचारणं सोपं जातं. नुसतं ‘इंडियन’ म्हटलं तर तो हात कुठेही दाखवतो.

दिवस पहिला, शुक्रवार : पॅरिस

विमानतळावरून आरईआर बी गाडी थेट गार द्यू नोर स्टेशनावर येते. ब्रसेल्सची संध्याकाळची युरोस्टार इथूनच सुटते, म्हणून सामान इथल्या लॉकरमध्येच टाकायचं. मोठी बॅग संग्रहालयात घेत नाहीत. मग मेट्रोची ५ नंबरची लाइन, न बदलता पोर्त द पांतँ. बाहेर पडलात की समोर सिते द ला म्युझिक. इमारत क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क यांची, तिच्यातलं हे संग्रहालय १९९७ साली उघडलं. संग्रह मात्र जुना, पॅरिसच्या संगीत विद्यालयाचा. तो लोकांसाठी पहिल्यांदा खुला झाला १८६४ मध्ये.

मंगळवार ते शुक्रवार दार बारा वाजता उघडतं आणि सहाला बंद होतं. बहुतेक दिवशी दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान कुणीतरी वादक दालनात बसून वाजवतो आणि प्रश्नांची उत्तरं देतो. त्या दिवशी कोणतं वाद्य आहे ते तिकीट खिडकीवर विचारून घ्या. बारा ते दोन बघायचं, दोननंतर ऐकायचं, असं केलं की पायही टिकतात.

बघण्यासारखं खूप आहे: स्ट्राडिव्हेरीची व्हायोलिनं, शोपँनं वापरलेला प्लेयेल पियानो, जँगो राइनहार्टची गिटार. गर्दी जमते ती ऑक्टोबासपुढे. व्वियोम नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं १८५० च्या सुमारास केलेलं हे साडेतीन मीटर उंचीचं व्हायोलिनच म्हणा. तारा तीनच. वादकाचा हात तारांवर बोटं टेकायच्या जागेपर्यंत पोचत नाही, म्हणून तो चौथऱ्यावर उभा राहतो आणि हातानं तरफा व पायानं पट्ट्या दाबतो, तेव्हा वर कुठेतरी लोखंडी बोटं तारेवर टेकतात. गंमत म्हणून ठीक. खरा वेळ द्यावा तो दोन दालनं अलीकडच्या हार्प्सिकॉर्डांना.

हार्प्सिकॉर्ड पेटीसारखं पट्ट्यांचं वाद्य दिसतं, पण जातीनं तंतुवाद्य. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडी काडी वर उचलली जाते आणि त्या काडीत खोचलेल्या पिसाच्या दांड्याचं टोक तार छेडून जातं. पट्टी सोडली की काडी खाली येते. पिसाचं टोक बसवलेला तुकडा एका बारीक आसावर मागे झुकतो, त्यामुळे उतरताना तार परत छेडली जात नाही, आणि वरचा लोकरी कापडाचा तुकडा तारेवर टेकून आवाज बंद करतो. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज साधारण तेवढाच. हीच त्याची मर्यादा आणि त्यातूनच पुढे पियानोची गरज निघाली. पिसं मऊ पडतात, मोडतात, म्हणून वादकाजवळ चाकू आणि पिसांचा साठा लागायचा.

इथलं १६४६ सालचं अँटवर्पच्या आंद्रेआस रुकर्सचं हार्प्सिकॉर्ड थांबून बघा. रुकर्स घराण्याच्या ध्वनिफळीला पुढच्या शतकात पॅरिसमध्ये एवढी किंमत आली की वाद्य जुनं आणि आखूड असूनही कुणी टाकून देईना. मूळ घडणीत साधारण ४५ पट्ट्या, आणि नव्या संगीताला पाच सप्तकं हवीत. मग कुशीची फळी कापायची, पेटी रुंद करायची, ध्वनिफळीला तशाच लाकडाचा पट्टा जोडून रंगकाम पुढे चालवायचं, घोडी लांबवायची, पट्ट्या, काड्या, तारा सगळं नवं घालायचं. या वाद्यावर शेवटचा हात फिरवला तो पास्काल तास्कँनं, १७८० साली. आता हे वाद्य कुणाचं, रुकर्सचं की तास्कँचं? आपल्याकडे भोपळा आजोबांच्या वेळचा, तबली (भोपळ्यावरची फळी) नवी आणि दांडी मधेच सांधलेली असा तंबोरा असतो ना, तसलाच हा प्रश्न. पाटीवर दोन्ही सालं दिली आहेत, हे प्रामाणिकपणाचं.

असली वाद्यं रोज का वाजवत नाहीत, याचं कारणही इथेच समजून घ्यावं. सगळ्या तारा सुरात चढवल्या की चौकटीवर शेकड्यांनी किलोंचा ताण येतो आणि साडेतीनशे वर्षांचं लाकूड हळूहळू वाकतं. बासरीच्या जातीच्या जुन्या वाद्यांना तर वादकाचा श्वासच बाधतो: आतून ओल धरून नळी फुगते, बाहेरून कोरडी राहते आणि उभी चीर जाते. म्हणून हुबेहूब नवी प्रत करवून घेतात आणि तीच वाजवतात.

पेटीवाल्यांसाठी एक जोड. हार्मोनियम या नावाचं पेटंट पॅरिसचंच, अलेक्सांद्र दबँनं १८४२ मध्ये घेतलेलं. ते पायानं भाता मारायचं वाद्य. आपण ते जमिनीवर घेतलं, भाता मागे नेऊन डाव्या हाताला दिला आणि उजव्या हातात अख्खं नाट्यसंगीत आलं. जुन्या पेट्यांची तारीफ करताना ‘पॅरिस रीड’ हा शब्द अजूनही ऐकू येतो, तो या शहराचा.

सहा वाजता परत गार द्यू नोर. युरोस्टार ब्रसेल्सला साधारण दीड तासात पोचवते. तिकीट दोन-तीन महिने आधी काढा. आदल्या आठवड्यात भाडं दुप्पट-तिप्पट झालेलं असतं.

दिवस दुसरा, शनिवार : ब्रसेल्स

सेंट्रल स्टेशनपासून चढावर पाच-सात मिनिटं चाललं की काळ्या लोखंडी नक्षीची आणि काचेची इमारत दिसते. ‘ओल्ड इंग्लंड’ नावाच्या कापडचोपडाच्या दुकानासाठी पॉल सँतेन्वा यांनी १८९९ मध्ये बांधलेली. २००० सालापासून तिच्यात वाद्यसंग्रहालय आहे. शनिवार-रविवारी दार दहाला उघडतं, पाचला बंद. पूर्ण दिवस द्या आणि हेडफोन विसरू नका. तो लावला की खूण केलेल्या वाद्यांची ध्वनिमुद्रणं ऐकता येतात. हेडफोनशिवाय इथे येणं म्हणजे जेवणावळीत नुसता मेनू वाचणं.

आठ हजारांहून जास्त वाद्यांपैकी हजारेक मांडलेली आहेत. वरून खाली यावं की खालून वर जावं यावर मतभेद होतील. जगभरच्या लोकवाद्यांचा मजला आधी आणि तळघर शेवटी, असं सुचवतो. कारण या संग्रहालयाची सुरुवातच भारताशी बांधलेली आहे.

कोलकात्याच्या पाथुरियाघाटाचे राजा शौरींद्रमोहन ठाकूर, रवींद्रनाथांच्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेतले, यांनी १८७६ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट पाठवली. सरकारनं आधीच विकत घेतलेला संगीत-अभ्यासक फेतीस यांचा संग्रह आणि ही भेट, या दोन ढिगांवर १८७७ मध्ये ब्रसेल्सच्या संगीत विद्यालयाचं वाद्यसंग्रहालय उभं राहिलं. पहिले प्रमुख व्हिक्टर-शार्ल माहियों हे स्वतः फुंकवाद्यं बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांच्यापुढे प्रश्न पडला मांडणीचा. युरोपात तेव्हा वाद्यांचे भाग करायचे ते तंतू, फुंक आणि ‘आपटायची’ असे. त्या तिसऱ्या गाठोड्यात मृदंग, झांज, जलतरंग सगळंच कोंबलेलं. ठाकुरांच्या लिखाणातून आलेली आपली जुनी चौकट इथे कामाला आली, असं मानलं जातं: तत (तारांची), सुषिर (फुंकेची), अवनद्ध (कातडं मढवलेली), घन (ज्यांचं अंगच वाजतं ती). माहियोंची चार वर्गांची सूची तिच्याशी तंतोतंत जुळते. त्याच चौकटीवर १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि साक्स या दोघा अभ्यासकांनी आकड्यांची पद्धत बसवली आणि आज जगभरचे वाद्यसंग्रहालयवाले तीच वापरतात.

ही आकड्यांची पद्धत पाच मिनिटांत शिकता येते, आणि शिकून दालनात फिरलात तर मजा वेगळी. पहिला आकडा वर्गाचा: १ घन, २ अवनद्ध, ३ तत, ४ सुषिर. पुढचा प्रत्येक आकडा आणखी एक पायरी खाली नेतो. तंबोरा घ्या. ३ म्हणजे तार वाजते. ३२, तार आणि पोकळ भांडं एकमेकांपासून मोडल्याशिवाय सुटत नाहीत. ३२१, तारा ध्वनिफळीला समांतर धावतात. ३२१.३, दांडी आहे. ३२१.३२, दांडी पोटातून आरपार गेलेली नाही, मानेसारखी जोडलेली आहे. ३२१.३२१, पोट वाटीसारखं गोल. शेवटी जोड -५, म्हणजे उघड्या बोटांनी छेडायचं. सतारीला सगळं हेच, फक्त शेवटी -६, कारण मिजराब, म्हणजे बोटात घालायची तारेची नखी. मिजराब काढली की वाद्याचा क्रमांक बदलतो! आपली पेटी ४१२.१३२, कारण पत्ती हवेत मोकळी थरथरते आणि तशा पत्त्यांचा संच असतो. जलतरंगात पाणी असलं तरी वाजते ती वाटी, म्हणून तो १ मध्ये.

आता या पद्धतीचा पाय घसरतो ती जागा, आणि ती आपल्याच अंगणात आहे. तुणतुणं आणि चौंडकं कुठे ठेवायचं? तार कातड्याच्या मधून निघते आणि खुंटीला बांधलेली असते. होर्नबोस्टेल-साक्स यांनी बंगालच्या गोपीयंत्राच्या जातीची अशी वाद्यं ‘छेडायचे ढोल’ म्हणून २२ या क्रमांकाखाली, म्हणजे अवनद्धात टाकली. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की आधी थरथरते ती तार. कातडं फक्त तो थरार हवेत सोडतं, जसं सतारीची तबली सोडते. सूर चढतो-उतरतो तोही तारेच्या ताणामुळे. म्हणजे ते तंतुवाद्यच. शाहिराच्या मागे उभ्या राहणाऱ्या झीलकऱ्याला हे कुणी विचारलं असतं तर त्यानं तार पिळून लगेच सांगितलं असतं.

भारतीय कपाटांपुढे उभं राहिल्यावर एक गोष्ट खटकेल: तंतुवाद्यांच्या तारा सैल असतात आणि घोडीवर जवारीचा दोरा शोधूनही सापडत नाही. सैल ठेवणं बरोबर आहे, कारण ताण गेला की तबली बसत नाही. पण दोऱ्याशिवाय तंबोरा म्हणजे मिठाशिवाय आमटी, हे समोरच्या पाहुण्याला कळायला काहीच मार्ग नाही. पाटीवर एक ओळ चालली असती.

दुपारी वरच्या मजल्यांवर युरोपीय वाद्यं. तारवाद्यांच्या मजल्यावर ल्युथेआल शोधा. जॉर्ज क्लूतँस या बेल्जियन ऑर्गन-कारागिरानं पियानोत बसवायची ही यंत्रणा केली. खटके ओढले की तारांवर वेगवेगळे तुकडे टेकतात आणि पियानो कधी हार्प, कधी सिंबालोम या संतूरच्या जातीच्या हंगेरियन वाद्यासारखा वाजतो. फ्रेंच संगीतकार राव्हेलनं १९२४ च्या ‘त्सिगान’मध्ये ती वापरली. यंत्रणा नाजूक, सतत बिघडणारी. तिच्यामागची कल्पना सतारीवर दोरा सरकवण्याच्या जवळची.

तळघरात कंपोनियम. १८२१ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या विंकेलनं केलेला, स्वतःच ‘रचना’ करणारा ऑर्गन. खिळे ठोकलेली दोन लाकडी पिंपं. एक पिंप दोन आवर्तनांपुरतं वाजतं, तेवढ्यात दुसरं गप्प असतं आणि एक भिरभिरतं चाक ठरवतं की गप्प पिंपानं बाजूला सरकायचं की नाही. सरकलं तर त्याच चालीचा पुढचा प्रकार वाजतो. सगळे तुकडे एकाच चालीवर बेतलेले असल्यामुळे कुठलाही कुठल्याहीनंतर बसतो. तबल्यावरच्या लग्गीचे पलटे चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसं.

रात्री जेवायला बटाट्याच्या फ्रितंवर भिस्त असेल तर शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं. बेल्जियममध्ये त्या परंपरेनं गाईच्या चरबीत तळतात. तेलात तळणारी दुकानंही आहेत.

दिवस तिसरा, रविवार : दिनाँ

ब्रसेल्सहून नामूरमार्गे गाडीनं साधारण दीड-पावणेदोन तास. म्यूझ नदी, तिच्या काठाला चिकटलेलं अरुंद गाव, मागे उभा कडा आणि कड्यावर किल्ला. १८१४ साली सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स इथे जन्मला. पुलावर युरोपीय देशांच्या नावानं रंगवलेले मोठाले सॅक्सोफोन उभे आहेत. फोटो काढून पुढे व्हा.

सॅक्सच्या जन्मघराच्या जागी छोटंसं दालन आहे, प्रवेश मोफत, बाहेर बाकावर त्याचा पुतळा. आत अर्धा तास पुरतो. खरी सॅक्सची वाद्यं काल ब्रसेल्सला आणि परवा पॅरिसला बघून झाली आहेत, इथे त्याची कल्पना समजून घ्यायची. तो क्लॅरिनेट सुधारत होता. क्लॅरिनेटची नळी सरळ, एकाच जाडीची आणि तोंडाकडून बंद. अशा नळीत जोरात फुंकलं की सूर एका सप्तकानं न चढता बाराव्या सुरावर जातो, म्हणजे मंद्र सा वरून थेट मध्य सप्तकातला प. त्यामुळे वरच्या सप्तकात बोटं पूर्ण वेगळी. सॅक्सनं पत्ती क्लॅरिनेटसारखीच एक ठेवली आणि नळी केली पितळेची, तोंडाकडून खुल्या टोकाकडे रुंद होत जाणारी. शंकूसारखी नळी सप्तकानंच चढते. बोटं तीच, फक्त सप्तकाची एक कळ जास्त. शिकणं सोपं आणि आवाज मैदानात पोचणारा, लष्करी बँडला आणखी काय हवं? पेटंट १८४६ चं, पॅरिसमध्ये घेतलेलं. पुढे कज्जेखटले, दिवाळखोऱ्या. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात हेच वाद्य घेऊन बसलेल्या गोव्याच्या वादकांच्या पिढ्या आठवल्या की या लहान गावाचा हात किती लांब पोचला ते कळतं.

इथली कूक नावाची बिस्किटं पीठ आणि मध यांची, लाकडी साच्यात दाबून भाजलेली. दगडासारखी. दातानं तोडू नका; चहा-कॉफीत बुडवा, नाहीतर तोंडात धरून विरघळू द्या.

दिवस चौथा, सोमवार : मेखेलेन

ब्रसेल्सहून गाडीनं पाऊण तासाच्या आत. सेंट रुम्बोल्डचा मनोरा स्टेशनापासूनच दिसतो: ९७ मीटर, ५३८ पायऱ्या, लिफ्ट नाही. जिना गोल आणि अरुंद. वाटेत खोल्या लागतात, तिथे थांबत जायचं, नाहीतर चौथ्या वळणावर गुडघे बोलायला लागतात. पाठीवरची बॅग खालीच ठेवा. कानात घालायला कापूस जवळ असू द्या. घंटांच्या खोलीत असताना तासाचा ठोका पडला तर तो पोटात जाणवतो.

मोठ्या झुलत्या घंटा वेगळ्या, त्यांतली ‘साल्व्हातोर’ ८,८८४ किलोंची. गाणी वाजतात ती कॅरिलनवर, म्हणजे एका वादकानं वाजवायच्या सुरेल घंटांच्या संचावर. इथे कॅरिलन दोन, प्रत्येकी ४९ घंटांची. जुनी आणि १९८१ ची नवी. घंटा हलत नाहीत. प्रत्येकीच्या लोळीला (आत लोंबणाऱ्या टोल्याला) तार बांधलेली, तारा खाली खोलीत उतरतात आणि लाकडी दांड्यांच्या दोन रांगांना जोडलेल्या असतात. वादक बाकावर बसून मूठ वळून करंगळीच्या बाजूनं दांडे दाबतो. जड घंटांसाठी पायाखाली पट्ट्या. तारेच्या वाटेत फिरकीचा स्क्रू असतो. उन्हानं तार लांबते, लोळी घंटेपासून दूर राहते, दांडा ढिला लागतो, थंडीत उलट. म्हणून वादक बसल्यावर आधी स्क्रू फिरवून घेतो. आपण तबल्यावर हातोडी मारतो तसंच, फक्त हे सूर लावणं नव्हे, हाताचं अंतर लावणं.

दर थोड्या वेळानं आपोआप वाजतं ते वेगळं यंत्र. मोठा धातूचा ढोल, त्याच्या भोकांत खिळे. ढोल फिरला की खिळा तरफ उचलतो आणि हातोडा घंटेवर बाहेरून पडतो. वादकाची लोळी आतून मारते, यंत्राचा हातोडा बाहेरून, म्हणून एकाच घंटेला दोन मालक चालतात. गाणं बदलायचं म्हणजे खिळे काढून नव्या भोकांत बसवायचे.

आता घंटेचा सूर. हा भाग आपल्या कानांसाठीच आहे. तंबोऱ्याच्या खर्जात आपण अंतर गंधार ऐकतो, शुद्ध ग. तार स्वतःच तो देते. घंटेत तो मिळत नाही. चांगली लावलेली एक घंटा वाजवली की तिच्यात पाच सूर ओळखता येतात: खाली मंद्र सा, मग सा, कोमल ग, प आणि वर तार सा. गंधार कोमल! घंटेच्या आकारामुळेच. घंटा ओतताना सूर नेमके पडत नाहीत, म्हणून थोडी जाड ओततात आणि लेथवर उलटी फिरवून आतून कोरतात. कुठल्या उंचीवर किती कोरलं यावर कुठला सूर किती उतरतो ते ठरतं. फक्त उतरवता येतो. जास्त कोरलं तर घंटा परत भट्टीत. हे नेमकं पहिल्यांदा साधलं १६४४ मध्ये, झ्युटफेन गावच्या घंटांसाठी. ओतणारे हेमोनी बंधू आणि सूर सांगणारा उट्रेख्तचा आंधळा वादक याकोप व्हान आइक.

या कोमल गंधारामुळे काय होतं? सा, शुद्ध ग आणि प या तीन घंटा एकदम वाजवल्या की सा-च्या घंटेतला कोमल ग आणि शुद्ध ग-ची घंटा एकमेकांना खातात. शिवाय आवाज दाबायची सोय नाही, जड घंटा घुमतच राहते. म्हणून कॅरिलनसाठी लिहिणारे खालच्या घंटा विरळ ठेवतात आणि जलद काम वरच्या लहान घंटांना देतात. कोमल गंधाराच्या चाली इथे आपोआप रमतात. १९८० च्या दशकात हॉलंडमध्ये शुद्ध गंधार देणारी, कमरेत फुगीर अशी घंटाही केली गेली. तिचा फारसा प्रसार झाला नाही.

इथली कॅरिलनशाळा १९२२ ची, येफ डेनाइन यांनी सुरू केलेली, जगभरचे वादक इथे शिकायला येतात. उन्हाळ्यातल्या सोमवारच्या संध्याकाळच्या मैफली त्याहून जुन्या. तारखा आणि वेळ निघण्याआधी तपासा, कारण बाकी वर्षभर सोमवारी मैफल नसते. ऐकताना मनोऱ्याच्या पायथ्याशी मुळीच उभं राहू नका. तिथे रस्त्याचा गोंगाट असतो आणि आवाज डोक्यावरून निघून जातो. दोनेकशे मीटर दूर, वाऱ्याच्या दिशेला, मागच्या गल्लीतलं शांत अंगण गाठा. शाल घ्या, जुलैतही रात्री नऊनंतर गार वारा सुटतो. शेवटची गाडी बघून ठेवा.

दिवस पाचवा, मंगळवार : उट्रेख्त

ब्रसेल्सहून वाटेत गाडी बदलून तीन तासांच्या आसपास. सकाळी आठच्या आत निघालात तर अकराला पोचाल. सामान सोबतच घ्या आणि उट्रेख्तच्या स्टेशनात ठेवा. परतीचं विमान अ‍ॅम्स्टरडॅमहून असेल तर स्किपोल इथून अर्धा तास.

स्पेलक्लोक संग्रहालय बूर्कर्क या जुन्या चर्चमध्ये आहे, स्टेशनापासून चालत दहा मिनिटं. इथे सगळी स्वयंचलित वाद्यं: खिशात मावणाऱ्या पेट्यांपासून भिंतीएवढ्या नाचघरातल्या ऑर्गनपर्यंत. एकटं फिरू नका. मार्गदर्शकाबरोबरची फेरी तिकिटातच असते, आणि वाद्यं तोच सुरू करतो. आत शिरल्याबरोबर इंग्रजी फेरीची वेळ विचारा. ती चुकली तर पुढच्या फेरीसाठी थांबा, तोवर चहा प्या.

दोन तत्त्वं कळली की सगळं दालन उलगडतं. पहिलं पिंपाचं. लाकडी पिंपावर खिळे म्हणजे तुटक सूर, आडव्या पट्ट्या म्हणजे लांब सूर. एक फेरा म्हणजे एक गाणं, म्हणून गाण्याची लांबी पिंपाच्या घेराएवढीच. दुसरं गाणं हवं तर पिंप काही मिलिमीटर बाजूला सरकवायचं. खिळ्यांची दुसरी रांग तरफांखाली येते. सरकवण्याआधी तरफांची चौकट उचलायला विसरलात तर खिळे वाकतात आणि नेमकं हेच जुन्या पिंपांत सर्वांत जास्त बिघडलेलं असतं.

दुसरं पुठ्ठ्याच्या पुस्तकाचं. पॅरिसच्या गाव्हियोलीनं १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. भोकं पाडलेला जाड पुठ्ठा घडी घातलेल्या पोथीसारखा. एका बाजूनं आत जातो, दुसरीकडे पुन्हा घडी पडत बाहेर येतो. भोक आलं की सूर. गाणं कितीही लांब करता येतं. पुठ्ठ्याला लाखेचा हात दिलेला असतो, नाहीतर दमट हवेत तो फुगतो, भोकांच्या कडा झिजतात आणि सूर उशिरा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे वाद्य एक हंगामही टिकलं नसतं.

फेरीत लायप्झिगच्या हुपफेल्ड कंपनीचं फोनोलिस्ट-व्हायोलिना वाजवतील तेव्हा पुढे सरका. पियानोच्या वर कपाटात तीन व्हायोलिनं उभी. त्यांच्याभोवती हजाराहून जास्त घोड्याच्या केसांचा एकच गोल गज फिरतो. गज व्हायोलिनकडे जात नाही. ज्याची पाळी ते व्हायोलिन गजाकडे झुकतं. प्रत्येकाची एकच तार कामात, बोटांच्या जागी लहान दट्टे. गज फिरायचा थांबत नाही, म्हणून खेचण्या-परतण्याचा खंड नाही. कान नीट लावला तर तिथेच ते माणसासारखं वाटत नाही.

तीनच्या सुमारास बाहेर पडून डोमच्या मनोऱ्याकडे चाला, पाच मिनिटं. हेमोनींना सूर सांगणारा व्हान आइक याच मनोऱ्याचा वादक. तो घंटेजवळ तोंड नेऊन शीळ घालायचा. शीळ नेमक्या सुरावर आली की घंटेतला तेवढाच सूर न ठोकता घुमायला लागायचा. मंद्र सा, कोमल ग, प, सगळे असे एकेक करून तो वेगळे काढायचा. मनोरा ११२ मीटरचा, पायऱ्या ४६५, वर जायला ठरलेल्या वेळेची फेरी लागते. काल मेखेलेन चढून आलेल्यांनी चौकातच बाकावर बसावं. ठरल्या वेळी घंटा आपोआप वाजतात. खालच्या मोठ्या घंटेचा ठोका पडला की पहिला आघात जाऊ द्या आणि मागे रेंगाळणारा गंधार कोमल लागतो का ते बघा.